स्वतःचा अग्निशमन बंब की शेजारच्या नगरपरिषदेशी करार?

किनाऱ्यावर लॉज, काजू कारखाने, बर्फाचे कारखाने वाढले की नगरपंचायतीत हा विषय निघतोच. सगळ्यांची नजर बंबाच्या किमतीवर जाते, पण खरा खर्च माणसांचा. पाळीला 6 जण धरले तर 3 पाळ्यांना 18, वर सुट्ट्या-रजांसाठी 4-5 बदली. हे 22-23 पगार दर महिन्याला. त्यांची तरतूद नसेल तर अनुदानातून आलेली गाडी शेडमध्ये उभी राहते, बॅटरी उतरते आणि खाऱ्या हवेने पंप गंजतो.

करारात हा भार नाही, पण अंतर आहे. वळणावळणाच्या 20 किलोमीटरला ताशी 40 च्या वेगानेही अर्धा तास लागतो. तेवढ्या वेळात कौलारू घराचे वासे खाली येतात. दोन्हीकडून एकदम आगीची वर्दी आली तर बंब आधी त्यांच्याच शहरात जाणार. म्हणून फेरीचा दर, डिझेल कोणाचं आणि पर्यायी गाडी कुठून, हे करारात लिहून घ्या.

पाण्याचा प्रश्न दोन्हीकडे सारखाच. 4500 लिटरची टाकी, मिनिटाला 450 लिटरचे दोन फवारे: 5 मिनिटांत रिकामी. पंप साधारण 7 मीटरपेक्षा खोलचं पाणी ओढत नाही आणि मे महिन्यात जांभ्यातल्या कितीतरी विहिरींचं पाणी त्याखाली गेलेलं असतं. नेमके वणवेही तेव्हाच लागतात. नळपाणी योजनेच्या टाकीला 63 मिलिमीटरची जोडणी बसवून घ्या. खाडीचं पाणी चालतं, मात्र नंतर पंप गोड्या पाण्याने धुवायलाच हवा. आणि मोठा बंब पाखाडीत, म्हणजे अरुंद पायऱ्यांच्या वाटेत, शिरत नाही: 150 मीटर आत जायचं तर 15 मीटरचे 10 होज लागतात.

काजू कारखाना जळला तर विमा यंत्रांचे पैसे देतो. काजू सोलणाऱ्या बायकांची हंगामाची मजुरी मात्र बुडते, आणि ती बाजारात येत नाही म्हणून वाण्याचाही धंदा बसतो. अग्निशमनाचा पैसा म्हणजे ही मजुरी राखण्याचा पैसा आहे.

शेजारचं अग्निशमन केंद्र 10 किलोमीटरच्या आत असेल तर आमच्या मते करार पुरे. त्यापलीकडे असेल तर पाळीला 3 जण बसतील अशी छोटी गाडी घ्या, मोठ्या बंबासाठी करार ठेवा. बांधकाम परवानगीसोबत येणारं अग्निशमन शुल्क वेगळ्या खात्यात ठेवा, म्हणजे ते गटारांवर खर्च होणार नाही. बर्फाचा कारखाना असेल तर अमोनिया गळतीसाठी श्वसनसंचाची पहिली जोडी गाडीच्याही आधी मागवा.