जॉमेट्री डॅशचा एडिटर: सगळं आहे, फक्त वेळेवर सापडत नाही

हा गेम मी दोनदा विकत घेतलाय. आधी फोनवर, मग लॅपटॉपसाठी स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानात, कारण फोनवरची खरेदी तिकडे चालत नाही. दुसऱ्यांदा पैसे टाकले ते फक्त एडिटरमधल्या, म्हणजे स्वतःच्या लेव्हल्स बनवायच्या जागेतल्या, ऑब्जेक्ट मेनूपायी. फोनचा स्क्रीन लहान म्हणून त्रास होतोय, माउस हातात आला की काम सुटसुटीत होईल, असा हिशोब होता. लॅपटॉपवर उघडलं तर तोच मेनू, तीच खालची पट्टी, बाजूला तेच बाण. सगळं फक्त मोठं दिसायला लागलं. पैसे परत मागायची मुदत तोवर टळली होती, म्हणून निदान इथे तरी लिहितो.

खेळाबद्दल तक्रार नाही. २०१३ मध्ये आलेला, एका बोटाने खेळायचा खेळ इतकी वर्षं लोक सोडत नाहीत, त्यात या एडिटरचा वाटा मोठा आहे. लोकांनी बनवलेल्या लेव्हल्स संपत नाहीत. ज्यांनी फुकटातलं लाइट व्हर्जनच पाहिलंय त्यांना हे कळणार नाही, कारण त्यात एडिटरच नाही. बनवता बनवता कुठूनही टेस्ट करून बघता येतं, गाणं सोबत वाजत असतं, ठेक्यावर उडी बसली की जो आनंद होतो तो होतोच. आणि आपली लेव्हल स्वतः पूर्ण केल्याशिवाय अपलोड करता येत नाही, हा नियम तर मला फार आवडतो. आपण शिजवलेलं आधी आपण खायचं.

आता मेनू.

बिल्ड, एडिट, डिलीट ही तीन बटणं डावीकडे. बिल्ड दाबलं की खाली वस्तूंचे चौकोन आणि त्यांच्यावर टॅब. ठोकळे वेगळ्या टॅबमध्ये, उतार वेगळ्या, काटे वेगळे, करवती वेगळ्या, पोर्टल (खेळायची तऱ्हा बदलणारी दारं) आणि ऑर्ब (हवेत उडी देणारे गोळे) वेगळे, सजावटीचे टॅब तर आणखी. प्रत्येक टॅबला अनेक पानं, बाणाने उलटायची. इथपर्यंत ठीक आहे, सामान जास्त असेल तर फडताळं जास्त लागणारच. माझं डोकं फिरतं ते पुढच्या गोष्टीने: यातल्या कुठल्याही वस्तूला नाव नाही. ट्रिगरच्या (रंग बदलणं, वस्तू हलवणं असे परिणाम घडवणाऱ्या वस्तूंच्या) चित्रांवर बारीक अक्षरात काहीतरी लिहिलेलं असतं, बाकी सगळी नुसती चित्रं. नाव नाही म्हटल्यावर शोधायची सोयही नाही. तुम्हाला हवंय काय हे पक्कं ठाऊक असलं तरी टाइप कुठे करणार?

एकट्याने बनवत असाल तर हात हळूहळू सरावतो. माझा भाचा नाशिकला, मी ठाण्यात. रविवारी फोन लावून दोघं मिळून लेव्हल बनवायची असं ठरलं. त्यातला अर्धा वेळ असा जातो:

‘मामा, तो कोपऱ्याचा ठोकळा टाक ना.’

‘कुठला? आतल्या बाजूचा कोपरा की बाहेरच्या?’

‘अरे तो रे, ज्याला दोनच बाजूंना रेघ आहे.’

‘इथे तसे चार दिसतायत.’

‘पुढच्या पानावर जा. खालची ओळ. डावीकडून तिसरा.’

‘माझ्याकडे तिथे भलताच ठोकळा आहे.’

एकाच जातीच्या ठोकळ्याचे कडेचा, कोपऱ्याचा, मधला, सुटा असे प्रकार असतात आणि लहान चित्रात ते जुळ्या भावंडांसारखे दिसतात. ग्लोचे, म्हणजे कडेला चमक देणारे, तुकडे तर राखाडी चौकोनात पांढरट धूर. शेवटी आम्ही स्वतःच नावं पाडली. मग भाच्याच्या मित्रानेही खेळायला घेतलं, त्याने स्वतःची वेगळी नावं पाडली, आणि पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

हे इतकं लिहून झाल्यावर मसुदा भाच्याला पाठवला. त्याचा उलट प्रश्न आला: ‘मामा, बटणं वाढवली नाहीस का?’ एडिटरमध्ये पॉज करून गिअरच्या चित्रावर दाबलं की पर्याय उघडतात. त्यात एका ओळीत किती बटणं आणि किती ओळी हे दोन्ही बदलता येतं. दोन्ही आकडे वाढवले. लॅपटॉपवर जवळजवळ अख्खा टॅब एका नजरेत यायला लागला, पानं उलटणं कितीतरी कमी झालं. त्यामुळे वर बाणांबद्दल जो वैताग आहे तो लॅपटॉपवाल्यांनी निम्मा धरावा. फोनवाल्यांनी पूर्णच धरावा, कारण तिथे ओळी वाढवल्या की बांधायची जागाच झाकली जाते, आणि कमी ठेवल्या की पुन्हा पान उलटा, पान उलटा. नाशिककडचं तिसरं चित्र माझ्याकडे भलतंच का होतं, तेही यातच उलगडलं: त्याच्याकडे ओळीला बटणंच जास्त. म्हणजे नाव नाही ते नाहीच, आणि ‘डावीकडून तिसरा’ हा पत्तासुद्धा घरोघरी बदलणार!

लॅपटॉपचा दुसरा फायदा कीबोर्ड. १, २, ३ ने बिल्ड, एडिट, डिलीट. डब्ल्यू-ए-एस-डी ने वस्तू सरकते, क्यू आणि ई ने फिरते. हे इतकं झटपट होतं की पुन्हा फोनवर काम करवत नाही. पण वस्तू निवडायची म्हटलं की परत माउस घ्या आणि टॅब चाळा.

कस्टम ऑब्जेक्टचा टॅब मात्र खरोखर कामाचा. चार-पाच वस्तू एकत्र निवडून अधिकचं चिन्ह दाबलं की तो संच तिथे राहतो, पुढच्या लेव्हलमध्ये थेट टाकता येतो. हे कळायच्या आधी मी जुगाड करायचो: लागणारी प्रत्येक वस्तू एकेकदा लेव्हलच्या खूप वर, कॅमेऱ्यात न येणाऱ्या जागी मांडून ठेवायची आणि तिथून कॉपी करत राहायचं. आजही तसं करतो, कारण कस्टम टॅबमध्येही संचाला नाव देता येत नाही. तिथेही नुसती चित्रंच. माझा तो टॅब आता भरत चाललाय आणि त्यातला उताराचा संच शोधायला मला पानं उलटावी लागतात.

गेमचं २.१ व्हर्जन आलं जानेवारी २०१७ मध्ये, २.२ आलं डिसेंबर २०२३ मध्ये. जवळजवळ सात वर्षं लोकांनी वाट पाहिली आणि मिळालंही भरपूर: प्लॅटफॉर्मर मोड (यात आपल्या मर्जीने मागेपुढे जाता येतं), कॅमेऱ्याचे ट्रिगर, स्विंग हा खेळायचा नवा प्रकार, गाण्यांची लायब्ररी. मिळालेलं सगळं त्याच खालच्या पट्टीत कोंबलंय. नवीन ट्रिगर इतके आहेत की फक्त तेवढ्यांसाठी शोधायची चौकट दिली असती तरी मी हे लिहिलं नसतं. गंमत म्हणजे जिथे मनावर घेतलं तिथे छान केलंय. ट्रिगरला एकदम हलवता याव्यात म्हणून वस्तूंना ग्रुप नंबर देतात; त्या एडिट ग्रुपच्या खिडकीत ‘नेक्स्ट फ्री’ दाबलं की न वापरलेला ग्रुप नंबर आपोआप येतो. इतका बारीक विचार करणाऱ्याला ठोकळ्याखाली दोन शब्द लिहायला काय झालं होतं?

‘जिओड टाक, त्यात बेटरएडिट मॉड टाक, सुधारेल,’ असा सल्ला मिळेल. (मॉड म्हणजे बाहेरच्या लोकांनी गेममध्ये केलेली भर, जिओड ती बसवायचं साधन.) मलाही मिळाला. मॉड बनवणारी मंडळी फुकटात राबतात, त्यांच्याबद्दल आदरच आहे. पण दोनदा पैसे मी गेमला दिलेत, आणि मूळ मेनूची डागडुजी तिसऱ्याच कुणीतरी करायची हे मला पटत नाही. हट्ट म्हणा हवं तर. अजून टाकलेला नाही.

घ्यायचा असेल तर: नुसता खेळायला फोनवर घ्या, डोळे झाकून. बनवायचं असेल तर सरळ लॅपटॉपवर घ्या आणि पहिल्याच दिवशी गिअरमध्ये जाऊन ओळी वाढवा. आधी फोनवर बनवून मग लॅपटॉपवर जाणार असाल, तर फोनवर अकाउंटमध्ये जाऊन स्वतः सेव्ह दाबा आणि लॅपटॉपवर लोड दाबा. लेव्हल्स आपोआप येत नाहीत. पाचपैकी साडेतीन. खेळाला साडेचार दिले असते, एक मेनूने खाल्ला.