जिनिंगमधली वेठबिगारी: वर्षाचं ऑडिट की हंगामभर उचलीचा हिशेब?

हिंगणघाट, वणीकडच्या जिनिंगमधून, म्हणजे कापसातून सरकी वेगळी करणाऱ्या कारखान्यांतून, रुईच्या गाठी घेणाऱ्या कंपनीपुढे तिथली वेठबिगारी शोधायला दोन वाटा असतात.

पहिली वाट वर्षाच्या ऑडिटची. ऑडिटवाला एक दिवस येतो, हजेरीपट, मजुरीपत्रक आणि वयाचे दाखले पाहतो. आगीची तयारी, संडास, तोंडाला मास्क हे त्याला बरोबर सापडतं. पण तारीख आधी कळलेली असते, म्हणून त्या दिवशी कोवळी पोरं दिसत नाहीत. मजुराशी बोलणं केबिनमध्ये आणि मजूर आणणारा मुकादम दाराशी. शिवाय उचल, म्हणजे मजुराला आगाऊ दिलेली रक्कम, हजेरीपटात नसतेच, ती मुकादमाच्या खिशातल्या डायरीत असते.

दुसऱ्या वाटेत ती डायरीच मागायची. प्रत्येक मजुराला कार्ड: उचल किती, या आठवड्यात कापली किती, बाकी किती. मजुरी त्याच्याच खात्यात. एटीएम कार्डांची रबर लावलेली गड्डी मुकादमाकडे दिसली, की खात्याला काही अर्थ उरत नाही. सुटीच्या दिवशी फाटकाबाहेर, मजुराला त्याच्या बोलीत विचारायचं, "आज गावी जातो म्हटलं तर जाऊ देतील का?" "उचल फिटेस्तोवर नाही" हे उत्तर म्हणजे १९७६ च्या कायद्यातली वेठबिगारी. त्या कायद्यानं असं कर्ज रद्दच ठरतं.

अशा वेळी कंत्राट तडकाफडकी तोडू नका. रातोरात मजुरांनाच हाकलतात. आधी उपविभागीय अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार, मग मुक्ती प्रमाणपत्र, म्हणजे मजूर वेठबिगारीतून सुटल्याचा सरकारी दाखला. त्याशिवाय पुनर्वसनाची पूर्ण रक्कम अडकते.

दुसरी वाट महाग आहे, माणूस हंगामभर तिथंच लागतो. तरी पैसा एकाच गोष्टीला असेल, तर आमचं मत तिलाच.