शेअर परमिशन की एनटीएफएस: कुलूप कोणत्या दाराला लावायचं?

विंडोजमध्ये शेअर केलेल्या फोल्डरला दोन दारं असतात: बाहेरचं शेअर परमिशनचं, आतलं एनटीएफएसचं, म्हणजे विंडोजच्या ड्राइव्हवरच्या फाइल सिस्टीमने फाइल-फोल्डरला लावलेल्या हक्कांचं. नेटवर्कवरून येणाऱ्याला दोन्ही ओलांडावी लागतात आणि त्यांतलं जे कडक, तेच चालतं. शेअरला 'रीड' आणि एनटीएफएसला 'फुल कंट्रोल' असेल, तर हाती फक्त 'रीड' येतं. 'अ‍ॅडव्हान्स्ड शेअरिंग'मधून नवा शेअर केला की 'एव्हरीवन'ला मुळात 'रीड'च मिळतं, आणि आपण मात्र सिक्युरिटी टॅबमध्ये, म्हणजे एनटीएफएसच्या दाराशी, खुणा करत बसतो.

शेअर परमिशन समजायला सोपी. फुल कंट्रोल, चेंज, रीड, संपलं. एफएटी ३२ या जुन्या फाइल सिस्टीमचा ड्राइव्ह शेअर करायचा असेल तर दुसरा इलाजही नाही, कारण तिथे आतलं दारच नसतं. पण ती अख्ख्या शेअरला एकच नियम लावते, आतल्या एखाद्या सबफोल्डरला वेगळा नाही. शिवाय त्याच मशीनवर, किंवा रिमोट डेस्कटॉपने, बसलेल्याला ती अडवतच नाही.

एनटीएफएस फाइलपर्यंत पोचतं आणि कुठूनही आलात तरी लागू होतं. त्रास आहे तो वारशाचा, म्हणजे वरच्या फोल्डरचे हक्क आतल्या फाइलला मिळण्याचा. फाइल कॉपी केली की नव्या फोल्डरचे हक्क घेते. त्याच ड्राइव्हवर मूव्ह केली की सहसा जुनेच हक्क सोबत आणते. 'फोल्डरमधल्या सगळ्या उघडतात, ही एकच उघडत नाही' या तक्रारीमागे बहुधा हेच. दुसरी गंमत वर्डची. सेव्ह करताना तो त्याच फोल्डरमध्ये तात्पुरती फाइल बनवतो आणि मग जुनीच्या जागी तिला बसवतो. त्यामुळे नुसतं 'राइट' पुरत नाही. डिलीटचा हक्कही लागतो, म्हणजे 'मॉडिफाय' द्या. 'डिनाय'ला, म्हणजे हक्क थेट नाकारण्याला, मी शक्यतो हात लावत नाही. सहा महिन्यांनी तो कुठे लावला होता ते आपल्यालाच आठवत नाही.

माझा कौल असा: खरे निर्बंध एनटीएफएसवर, तेही व्यक्तींना नाही, ग्रुपना. शेअरवर वापरणाऱ्यांना 'चेंज', अ‍ॅडमिनना 'फुल कंट्रोल'. शेअरवर सगळ्यांनाच 'फुल कंट्रोल' द्यावं असंही बरेच जण सांगतात आणि त्याने काम चालतं. पण फाइल बनवणारा तिचा मालक असतो आणि मालकाला हक्क बदलता येतात. शेअरवर 'चेंज' असेल तर नेटवर्कवरून ते जमत नाही.

आधीच अडकला असाल, तर त्याच युजरने सर्व्हरवर लॉगिन करून तीच फाइल उघडून पाहा. उघडली तर दोष शेअरचा, नाही उघडली तर सिक्युरिटी टॅबच्या 'अ‍ॅडव्हान्स्ड'मधलं 'इफेक्टिव्ह अ‍ॅक्सेस' बघा. ग्रुपमध्ये नुकतंच घातलं असेल तर आधी लॉगआउट करून परत लॉगिन करायला सांगा. लॉगिन करताना विंडोज युजरच्या ग्रुपची यादी (टोकन) बनवतं, त्या जुन्या टोकनमध्ये नवा ग्रुप नसतो. एरर १२१९ आला तर परमिशनमध्ये शोधू नका. त्याच सर्व्हरला दुसऱ्या युजरच्या नावाने जोडणी चालू आहे, ती तोडा.

लिनक्सवर सांबा (विंडोजसारखे शेअर देणारा प्रोग्रॅम) असेल तरी दारं दोनच: सांबाची सेटिंग आणि फाइल सिस्टीमचे हक्क. तिथे नव्या फाइलला जास्तीत जास्त किती हक्क मिळावेत हे ठरवणारा 'क्रिएट मास्क' मुळात ०७४४ असतो, म्हणून एकाने बनवलेली फाइल ग्रुपमधल्या दुसऱ्याला वाचता येते, बदलता येत नाही. तो ०६६० करा (मालक आणि ग्रुप दोघांना वाचणं-लिहिणं) आणि फोल्डरला सेटजीआयडी बिट लावा, म्हणजे नव्या फाइलला फोल्डरचाच ग्रुप मिळतो.