एन्ट्री व्हिसावर अकरा महिने : पार्ल्यातलं घर आणि जर्मन नवरा

माझा नवरा युर्गन जर्मन आहे, वय ६८. मी ६१, बँकेतून निवृत्त. दोघांचंही हे दुसरं लग्न. दोघांचेही पहिले जोडीदार आजारपणात गेले. डिसेंबर २०२४ मध्ये बांद्र्याला आम्ही नोंदणी पद्धतीने लग्न केलं. मार्च २०२५ मध्ये तो एन्ट्री व्हिसावर, म्हणजे भारतीयाच्या परदेशी जोडीदारालाही मिळणाऱ्या व्हिसावर, विलेपार्ल्याला राहायला आला. आम्ही हॅम्बुर्गला जाऊन राहिलो नाही, कारण माझी आई ८७ वर्षांची आहे आणि ती माझ्याजवळ असते. या अकरा महिन्यांत नोंदणी, पत्ताबदल आणि पहिली मुदतवाढ अशा तिन्ही गोष्टी पार पडल्या. कुणाच्या घरात अशी सून किंवा जावई येणार असेल, तर त्यांच्यासाठी हे सविस्तर लिहिते आहे.

सगळे आधी हेच विचारतात, निवृत्त माणूस आहे तर रिटायरमेंट व्हिसा का नाही घेतला? भारतात तशी श्रेणीच नाही. थायलंडमध्ये पन्नाशी गाठलेल्या परदेशी माणसाला बँकेत आठ लाख बाट दाखवून निवृत्त म्हणून वर्षभराचा परवाना मिळू शकतो, दर वर्षी तो वाढवताही येतो. आपल्याकडे पेन्शन कितीही असली तरी तेवढ्यावर भागत नाही, नातं लागतं. आमच्या बाबतीत ते नातं म्हणजे विवाह प्रमाणपत्र. पुढचे सगळे कागद त्या एका कागदावर उभे राहतात, म्हणून तो निर्दोष हवा. आमचा नव्हता.

१९५४ च्या विशेष विवाह कायद्यात दोघांपैकी एकाने त्या जिल्ह्यात सलग तीस दिवस राहिलेलं असावं लागतं, मग नोटीस, मग आणखी तीस दिवसांची वाट, आणि नोटिशीपासून तीन महिन्यांत लग्न. हे मला ठाऊक होतं. युर्गनला लग्नाला कायदेशीर अडथळा नाही हा जर्मन दाखला सहाच महिने चालतो, तेही आम्ही धरून चाललो होतो. अडलं ते नावावर. त्याच्या नावातल्या ‘यू’वर दोन ठिपके असतात. पासपोर्टच्या मुख्य ओळीत ते ठिपके आहेत, खालच्या यंत्राने वाचायच्या ओळीत त्याच जागी ‘यू’ आणि ‘ई’ अशी दोन अक्षरं आहेत. नोटिशीचा फॉर्म भरताना मी ठिपके गाळून नुसता ‘यू’ लिहिला, आणि प्रमाणपत्रावर तेच उतरलं. व्हिसावर मात्र ‘यू-ई’ आलं. म्हणजे लग्न एका माणसाशी झालं आणि व्हिसा दुसऱ्याच्या नावाचा, असं कागद म्हणायला लागले. नोंदणीच्या वेळी त्यावर शंका विचारली गेली. दोन्ही नावं एकाच व्यक्तीची आहेत असं नोटरी केलेलं प्रतिज्ञापत्र आणि पासपोर्टच्या पानाची स्पष्ट प्रत जोडल्यावर ती सुटली. ते चार दिवस मी नीट झोपले नाही. फॉर्म भरताना पासपोर्टची खालची ओळ समोर ठेवा आणि तीच अक्षरं सगळीकडे लिहा.

जर्मनीशी लग्न जुळवणाऱ्यांसाठी आणखी एक. अपॉस्टिल म्हणजे एका देशाचा कागद दुसऱ्या देशात मान्य व्हावा म्हणून मारायचा शिक्का. भारत २००५ मध्ये अपॉस्टिलच्या करारात सामील झाला, पण जर्मनीने त्याला हरकत घेतली, त्यामुळे या दोन देशांत अपॉस्टिलचा शिक्का उपयोगी पडत नाही. म्हणून युर्गनच्या पहिल्या पत्नीचा मृत्यूचा दाखला आम्ही हॅम्बुर्गच्या भारतीय वाणिज्य दूतावासाकडून प्रमाणित करून आणला. इंटरनेटवरचे सल्ले बहुतेक अमेरिकेतल्या किंवा ब्रिटनमधल्या लोकांचे असतात. ते वाचून चालले असते तर एक फेरी फुकट गेली असती.

आता प्रत्यक्ष राहण्याबद्दल. ६ मार्चच्या रात्री तो उतरला. परदेशी माणूस घरी आला की चोवीस तासांत घरमालकाने ते सरकारला ऑनलाइन कळवायचं असतं, आमच्या वेळी त्यासाठी ‘सी फॉर्म’ होता. हे फक्त हॉटेलांसाठी आहे असं पुष्कळांना वाटतं, पण ते घरांनाही लागू आहे. मी घरधनी म्हणून संकेतस्थळावर आधीच खातं काढून ठेवलं होतं, सकाळी चहा व्हायच्या आत फॉर्म भरला. त्यानंतर चौदा दिवसांत परदेशी नागरिक नोंदणी कार्यालयात नोंदणी. २०१८ पासून हे काम त्या कार्यालयाच्या ई-एफआरआरओ या संकेतस्थळावर होतं. पूर्वी यासाठी सीएसएमटीजवळ झेवियर्स कॉलेजच्या मागच्या गल्लीत जाऊन बसावं लागे. आम्हाला अकरा महिन्यांत एकदाही जावं लागलं नाही आणि ६८ वर्षांच्या माणसासाठी ही फार मोठी सोय आहे. शंका आली तर ती खात्यात दिसते, उत्तर तिथेच अपलोड करता येतं.

मुंबईत खरा घाम काढतो तो पत्त्याचा पुरावा. आमचं लाइट बिल बाबांच्या नावावर होतं आणि बाबा २०११ मध्ये गेले. सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट आईच्या नावावर, आधार माझं, राहणार युर्गन. शेवटी सोसायटीचं पत्र, आईचं संमतिपत्र आणि माझं त्याच पत्त्याचं आधार असा संच जोडला. सोसायटीचं पत्र मिळायला अकरा दिवस गेले, कारण कमिटीला वाटत होतं की परदेशी माणसासाठी सही केली तर पुढची जबाबदारी त्यांच्यावर येईल. चौदा दिवसांतले अकरा असे गेले. तुम्ही हे पत्र विमानाचं तिकीट काढायच्या आधी मागून ठेवा.

ऑगस्टमध्ये आमची इमारत पुनर्विकासाला गेली. पार्ल्यात राहणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको, हनुमान रोडच्या आसपास दर दोन इमारतींमागे एक पाडलेली दिसते. भाड्याचं घर शोधताना दोन मालकांनी ‘फॉरेनर नको, पोलिसांचं झंझट लागतं’ असं तोंडावर सांगितलं, आणि युर्गन शेजारी उभा होता. त्याला मराठी येत नाही, पण तो शब्द कळला. तिसऱ्यांनी घर दिलं. अकरा महिन्यांचा लीव्ह अँड लायसन्सचा करार माझ्या नावावर झाला, पण राहणाऱ्यांत आईचं आणि युर्गनचं नाव पासपोर्ट क्रमांकासह घालायला मी लावलं. करार नोंदणीकृतच हवा, नुसता नोटरीचा नाही. मग नव्या पत्त्याचा सी फॉर्म, मग पत्ताबदलाचा अर्ज. करारात त्याचं नाव असल्यामुळे यावेळी एकही शंका आली नाही.

याच सुमारास कायदाही बदलला. १९३९ चा परदेशी नागरिक नोंदणी कायदा आणि १९४६ चा परदेशी नागरिक कायदा जाऊन १ सप्टेंबर २०२५ पासून इमिग्रेशन अँड फॉरेनर्स कायदा २०२५ लागू झाला. आमच्या रोजच्या कामात फरक पडला नाही, पण जुन्या कायद्यांची कलमं सांगणारे सल्ले आता बाजूला ठेवा.

मुदतवाढीसाठी मी अंधेरीच्या एका एजंटाकडे गेले होते. हा या सगळ्यातला माझा एकमेव वाया गेलेला खर्च. पंधरा हजार आगाऊ घेतले आणि सांगितलं, ‘मॅडम, मार्चमध्ये आलेत ना, मग मार्चपर्यंत वेळ आहे.’ भारतीय व्हिसाची मुदत विमानतळावर उतरल्या दिवसापासून नाही, व्हिसा दिल्या तारखेपासून मोजतात. आमचा १० फेब्रुवारी २०२५ ला दिलेला, एक वर्षाचा, म्हणजे ९ फेब्रुवारीला संपणारा. त्याच्या भरवशावर राहिले असते तर युर्गन जवळजवळ महिनाभर बेकायदा राहिला असता. मी कागद परत आणले आणि डिसेंबरमध्ये स्वतः अर्ज भरला. जानेवारीत मुदतवाढ आली.

त्या अर्जासोबत भारतीय जोडीदाराचं हमीपत्र लागतं. त्याच्या राहण्याची, खर्चाची, वागण्याची आणि वेळ आल्यास परत पाठवण्याची जबाबदारी मी घेते, असा त्याचा आशय. ते टाइप करताना माझा हात थांबला. चाळीस वर्षं बंदरात इंजिनिअर म्हणून काम केलेला, स्वतःची पेन्शन असलेला माणूस, आणि त्याचं इथलं राहणं माझ्या एका सहीवर टेकलेलं. त्याने ते शांतपणे वाचलं आणि विचारलं, ‘तुझी तब्येत बरी नसेल तेव्हा हे कोण भरणार?’ माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्यानंतर मी खात्याचा पासवर्ड, अर्जांच्या प्रती आणि तारखांची यादी एका वहीत लिहून माझ्या भाच्याकडे दिली. अशा लग्नात राहणाऱ्या प्रत्येकाने हे करावं, आणि पहिल्याच महिन्यात करावं.

पैशांचं थोडक्यात. एन्ट्री व्हिसावर नोकरी करता येत नाही, आम्हाला त्याची गरज नव्हती. वर्षात १८२ दिवस इथे राहिल्यावर तो करासाठी निवासी धरला जातो, त्यामुळे सीए आधीच गाठा. भारत-जर्मनी सामाजिक सुरक्षा करार मे २०१७ पासून लागू आहे, पेन्शन इथे व्यवस्थित येते. पण तिकडचा सरकारी आरोग्यविमा इथे उपयोगाचा नाही, आणि अडुसष्टाव्या वर्षी इथला नवा विमा महाग पडतो. हा खर्च लग्नाआधी बोलून घ्या. पेन्शनसाठी जर्मनीहूनही दर वर्षी जिवंत असल्याचा दाखला मागतात. मी नोव्हेंबरात माझा हयातीचा दाखला दिला, त्याच आठवड्यात त्याच्याही फॉर्मवर शिक्का घेतला. परदेशी कागदांपैकी आईला कळलेला हा पहिला. ‘म्हणजे तिकडेही विचारतात तर,’ असं म्हणून तिने तो हातात घेऊन पाहिला.

पुढचा टप्पा ओसीआय (ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया) कार्डाचा, म्हणजे पुन्हा पुन्हा व्हिसा न घेता भारतात राहू देणाऱ्या कार्डाचा. नोंदवलेलं लग्न सलग दोन वर्षं टिकलेलं असेल तर परदेशी जोडीदाराला अर्ज करता येतो, म्हणजे आम्हाला डिसेंबर २०२६. त्याआधी सुरक्षा पडताळणी असते. ते नागरिकत्व नव्हे. मत देता येत नाही, शेतजमीन विकत घेता येत नाही. लग्न मोडलं तर कार्ड रद्द होतं आणि पासपोर्ट बदलला की लग्न कायम असल्याचं पुन्हा लिहून द्यावं लागतं. तरीही दर मुदतवाढीची टांगती तलवार जाईल, एवढ्यासाठी मी दिवस मोजते आहे.

मुदतवाढीच्या पडताळणीसाठी पोलीस ठाण्याचे एक हवालदार आले होते. दोन मजले फिरून दमले होते, कारण दारावर घरमालकांच्याच नावाची पाटी होती. सभ्य माणूस. पाणी प्यायले, पासपोर्ट पाहिला, आणि आईला विचारलं, ‘आजी, हे इथंच राहतात ना?’ आई म्हणाली, ‘जावई आहेत माझे. सकाळी गोळ्या तेच देतात.’ त्यांनी लिहून घेतलं आणि जाताना मला म्हणाले, ‘मॅडम, नावाची पाटी लावा, पुढच्या माणसाला त्रास नको.’ दुसऱ्याच दिवशी पार्ले स्टेशनजवळून पाटी करून आणली. वर आईचं, मध्ये माझं, खाली युर्गनचं नाव, इंग्रजी अक्षरांत पासपोर्टच्या खालच्या ओळीतलंच.