पॉकेट सिनेमा कॅमेरा ४के आणि दशावताराची रात्र

ब्लॅकमॅजिक डिझाइन या ऑस्ट्रेलियन कंपनीने एप्रिल २०१८ मध्ये लास व्हेगासच्या नॅब या प्रसारण-तंत्रज्ञानाच्या प्रदर्शनात ‘पॉकेट सिनेमा कॅमेरा ४के’ जाहीर केला, तेव्हा त्याची किंमत १,२९५ डॉलर होती आणि एवढ्या पैशांत रॉ स्वरूपात (सेन्सरने टिपलेली माहिती जवळपास जशीच्या तशी ठेवून) ४के चित्रण करणारा दुसरा सिनेमा कॅमेरा शोधून सापडला नसता. त्यानंतर याच कंपनीचे ६के कॅमेरे आले, सोनीचा एफएक्स३० आला, आणि हा मूळ ४के आता प्रामुख्याने भाड्याने देणाऱ्यांकडे किंवा जुन्या बाजारात भेटतो. मराठीत स्वतःच्या खर्चाने लघुपट आणि माहितीपट करणारे अनेक जण आजही पहिला सिनेमा कॅमेरा म्हणून याचाच विचार करतात. त्यामुळे सिंधुदुर्गातील एका जत्रेत रात्रभर चाललेला दशावतार या लोकनाट्याचा प्रयोग चित्रित करण्याच्या निमित्ताने तो हाताळायला मिळाला, तेव्हाचे पहिले अनुभव नोंदवून ठेवणे मला उपयोगाचे वाटते.

दशावतारासारखा कठीण पेपर कॅमेऱ्यासाठी मुद्दाम काढूनही मिळणार नाही. प्रयोग देवळाच्या आवारात होतो, पालखीनंतर सुरू होतो आणि पहाटेपर्यंत चालतो. नेपथ्य म्हणजे एक लाकडी बाकडे. तेच राजाचे सिंहासन आणि तेच अरण्यातील शिळा. संहिता लिहिलेली नसते, संवाद पात्रे जागच्या जागी रचतात, त्यामुळे कोण कधी उठेल आणि कोणत्या बाजूने प्रवेश करेल याचा अंदाज छायालेखकाला बांधता येत नाही. प्रकाश म्हणजे दोन-चार पांढरे हॅलोजन किंवा एलईडी दिवे आणि हल्ली त्यांच्या जोडीला रंग बदलणारे एलईडी पार, म्हणजे रंगीत झोत टाकणारे दिवे. अशा ठिकाणी कॅमेऱ्याचे गुण आणि उणिवा दोन्ही लपून राहत नाहीत.

हातात घेतल्यावर कॅमेरा अपेक्षेपेक्षा रुंद वाटतो. बॅटरी धरून वजन पाऊण किलोच्या आसपास भरते. शरीर कार्बन फायबर मिसळलेल्या पॉलीकार्बोनेटचे आहे आणि मूठ भरीव आहे. बोटे आपसूक योग्य बटणांवर जातात. मागचा पाच इंची स्पर्शपडदा हा या कॅमेऱ्याचा खरा दागिना आहे. आयएसओ (प्रकाशसंवेदनशीलता), शटर अँगल (प्रत्येक फ्रेमला प्रकाश किती वेळ मिळतो ते), व्हाइट बॅलन्स, फ्रेमदर (सेकंदाला किती फ्रेम) या सगळ्या गोष्टी पडद्याच्या कडेला मोठ्या अक्षरांत मांडलेल्या असून त्या आकड्यावर बोट ठेवले की तो बदलता येतो. मेन्यूंच्या आत मेन्यू शोधत बसावे लागत नाही. पडद्यावर दोनदा टिचकी मारली की चित्रण चालू असतानाही चित्राचा भाग मोठा करून फोकस तपासता येतो, आणि अंधारात मुकुटाखालचे डोळे नेमके टिपायचे असतात तेव्हा या सोयीची किंमत कळते. पडदा मात्र जागचा हलत नाही. प्रेक्षकांच्या डोक्यांवरून चित्रण करण्यासाठी कॅमेरा उंच धरला किंवा बाकड्याच्या पातळीचे दृश्य घेण्यासाठी जमिनीलगत ठेवला, तर आपण काय टिपत आहोत हे पाहण्यासाठी स्वतंत्र मॉनिटर लावण्यावाचून गत्यंतर नाही. २०२१ च्या ६के प्रो मध्ये पडदा वरखाली कलता झाला, यावरून ही उणीव कंपनीलाही ठाऊक होती असे म्हणायला हरकत नाही.

आता चित्राविषयी, कारण हा कॅमेरा घेणारा माणूस त्यासाठीच घेतो. सेन्सर फोर थर्ड्स मापाचा, म्हणजे १८.९६ बाय १० मिलिमीटरचा आहे आणि संपूर्ण सेन्सर वापरून तो ४०९६ बाय २१६० चे चित्र सेकंदाला ६० फ्रेमपर्यंत नोंदवतो. १२० फ्रेमचा संथ वेग फक्त एचडीमध्ये आणि सेन्सरचा मधला तुकडा वापरून मिळतो. कंपनी १३ स्टॉपच्या डायनॅमिक रेंजचा, म्हणजे गडद ते उजळ भागांच्या पल्ल्याचा दावा करते (एक स्टॉप म्हणजे दुप्पट प्रकाश). या आकड्यांपेक्षा महत्त्वाची गोष्ट ही की चेहऱ्यावरील रंगलेपाचा पोत चित्रात टिकतो. लाल-पिवळ्या रंगाने रंगवलेल्या गालावर घाम आल्यावर जी चमक येते, ती पांढरी फटफटीत न होता हळूहळू वर चढत जाते. अनेक फोटो-कॅमेऱ्यांच्या व्हिडिओत दिसणारा कडांचा कृत्रिम धारदारपणा येथे नाही; चित्र काहीसे मऊ, पण तपशिलाने भरलेले असते.

कमी प्रकाशातील वर्तन समजून घ्यायला थोडा अभ्यास लागतो, आणि तो केल्याशिवाय रात्रीच्या प्रयोगाला जाऊ नये. या सेन्सरला ४०० आणि ३२०० असे दोन मूळ आयएसओ आहेत, प्रत्येकासाठी वेगळे सर्किट. १०० ते १००० पर्यंत पहिले सर्किट काम करते आणि १२५० पासून २५,६०० पर्यंत दुसरे. त्यामुळे १००० वर घेतलेल्या दृश्यापेक्षा १२५० वरचे दृश्य अधिक स्वच्छ येते, ही सवयीच्या विरुद्ध जाणारी गोष्ट लक्षात ठेवावी लागते. त्यातही एक मेख आहे. १००० वर तेजस्वी भागांसाठी जागा जास्त असते, १२५० वर ती कमी होते. म्हणून सावल्या स्वच्छ हव्यात की दिव्यांच्या झोतातील भाग सांभाळायचा, याचा निर्णय प्रसंग पाहून घ्यावा लागतो. दशावतारातील संकासुर या राक्षसपात्राचा प्रवेश हा याचा उत्तम दाखला. अंगभर काळा वेश, तोंडातून लोंबणारी लाल कापडी जीभ आणि मागे देवळाच्या आवारातील अंधार. ३२०० वर काळ्या कापडाच्या घड्या वेगळ्या दिसल्या, पार्श्वभूमीत ते कापड विरघळून गेले नाही, आणि जे दाणे दिसले ते बारीक व एकसारखे होते. ६४०० पर्यंत चित्र सहज वापरता येते. त्याच्या पुढे मी स्वतः जाणार नाही.

रंगीत एलईडींपुढे मात्र कॅमेरा हतबल होतो. गडद निळा किंवा जांभळा झोत थेट चेहऱ्यावर आला की निळा चॅनेल भरून जातो आणि नाकडोळे एका सपाट डागात बुडतात. रॉ चित्रण असले तरी जे नोंदलेच गेले नाही ते नंतर परत आणता येत नाही. हा दोष एकट्या कॅमेऱ्याचा नव्हे, बहुतेक डिजिटल सेन्सर येथे अडखळतात. मंडळाच्या लोकांशी आधी बोलून निदान मुख्य आख्यानाच्या वेळी पांढरे दिवे चालू ठेवण्याची विनंती करणे, हाच त्यावरचा स्वस्त उपाय आहे. दिव्यांच्या लुकलुकण्याबाबत कॅमेरा स्वतः मदत करतो. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची असल्याने २५ फ्रेम आणि १८० अंशांचे शटर ठेवले की प्रश्न मिटतो. पण कोणी चित्रपटाचा म्हणून २४ फ्रेमचाच आग्रह धरला, तर शटर १७२.८ अंशांवर आणावे लागते, आणि विजेची वारंवारता एकदा सांगून ठेवली की कॅमेरा असे सुरक्षित आकडे पडद्याच्या तळाशी सुचवतो. स्वस्त एलईडी दिव्यांची लुकलुक विजेच्या वारंवारतेशी जुळेलच असे नसते, म्हणून चाचणीचे चित्रण घेऊन पाहणे तरीही श्रेयस्कर.

सेन्सर लहान असल्याचा परिणाम लेन्सच्या निवडीवर होतो. फुल फ्रेमच्या तुलनेत दृश्यकोन जवळपास १.९ पटीने आवळतो, म्हणजे २५ मिलिमीटरची लेन्स ४७ सारखी दिसते. माउंट, म्हणजे लेन्स बसवण्याची जोडणी, मायक्रो फोर थर्ड्स असल्याने जवळजवळ कोणतीही जुनी-नवी लेन्स अडॅप्टरने बसवता येते, ही मात्र मोठी सवलत आहे. मी कॅननच्या माउंटची सिग्मा १८-३५ ही एफ १.८ ची लेन्स (एफचा आकडा जितका लहान, तितका प्रकाश जास्त आणि फोकसमधला पट्टा अरुंद) ०.७१ पटीच्या स्पीड बूस्टरवर, म्हणजे लेन्सचे चित्र आकसून सेन्सरवर पाडणाऱ्या अडॅप्टरवर वापरली. त्यामुळे दृश्यकोन रुंदावतो आणि प्रकाशाच्या हिशेबाने लेन्स एफ १.३ च्या जवळ जाते, ज्याचा रात्रीच्या प्रयोगात थेट लाभ होतो. कॅमेऱ्यात सतत पाठलाग करणारा ऑटोफोकस नाही. बटण दाबल्यावर एकदा फोकस साधून तो थांबतो. त्यामुळे फोकसची सारी जबाबदारी माणसाची. नृत्याच्या गतीने पुढेमागे होणाऱ्या पात्रावर एफ १.३ ने फोकस राखणे कोणाच्याही हाताला सहज जमणारे नाही, म्हणून पाऊण प्रयोग एफ २.८ च्या आसपास आणि आयएसओ वाढवून घेणे अधिक शहाणपणाचे ठरले.

कंपन रोखणारी यंत्रणाही शरीरात नाही. हलका कॅमेरा हातात धरला की बारीक थरथर चित्रात उतरते. कॅमेऱ्याच्या नंतरच्या सॉफ्टवेअरने जायरोची (कॅमेऱ्याची हालचाल मोजणाऱ्या संवेदकाची) माहिती नोंदवण्याची आणि दाविंची रिझॉल्व्ह या संकलनाच्या सॉफ्टवेअरमध्ये तिच्या आधारे दृश्य स्थिर करण्याची सोय दिली खरी, परंतु ती वेगवान शटरवर चांगली चालते. रात्रीच्या १८० अंशांच्या शटरवर दृश्य स्थिर होते पण त्यातील हालचालीचे धुरकट फराटे तसेच राहतात. ट्रायपॉड किंवा मोनोपॉड हाच खरा मार्ग. आणि येथून सामान वाढू लागते. बाहेरचा मॉनिटर, कॅमेऱ्याभोवतीची चौकट म्हणजे केज, चित्रण साठवणारी एसएसडी डिस्क, तिची वायर निसटू नये म्हणून लावलेली पकड, बॅटरीची पट्टी, माइक. हा सगळा थाट पाहून पायपेटी वाजवणारे एक ज्येष्ठ कलाकार हसून म्हणाले, “कॅमेरो लहान, पण पसारो केवढो!” या कॅमेऱ्याचे यापेक्षा नेमके परीक्षण मी तरी वाचलेले नाही.

पसाऱ्यात सर्वांत निकडीचा भाग विजेचा. कॅमेरा कॅननची एलपी-ई६ बॅटरी वापरतो आणि खुद्द कंपनीच्या हिशेबानेच ती सुमारे एक तास पुरते. रात्रभराच्या प्रयोगाला हे गणित अजिबात जमत नाही. सुदैवाने बाजूला १२ व्होल्टची, घट्ट अडकणारी दोन पिनांची जोडणी आहे. तिला व्ही-माउंट ही मोठी बाहेरची बॅटरी लावली आणि आतली एलपी-ई६ तशीच ठेवली, तर मोठी बॅटरी बदलतानाही चित्रण थांबत नाही. आख्यान ऐन रंगात असताना कॅमेरा बंद न करता बॅटरी बदलता येणे ही माझ्या दृष्टीने या यंत्राची सर्वांत समंजस सोय आहे.

साठवणुकीची बाजू जमेची आहे. एसडी आणि सीफास्ट कार्डांसाठी जागा आहेच, पण यूएसबी-सीच्या वायरीने थेट साध्या एसएसडीवर चित्रण करता येते. मार्च २०१९ मध्ये कंपनीने सिनेमाडीएनजी हे रॉ स्वरूप काढून ब्लॅकमॅजिक रॉ हे स्वतःचे स्वरूप दिले. त्याच्या १२:१ या संकोचनात २५ फ्रेमने तासाला साधारण १०० जीबी जागा लागते. प्रोरेस ४२२ एचक्यू हे रॉ नसलेले स्वरूप घेतले तर तिपटीहून जास्त. म्हणजे १२:१ च्या ब्लॅकमॅजिक रॉमध्ये सहा-सात तासांचा प्रयोग एक टीबीच्या डिस्कमध्ये मावतो. आयएसओ आणि व्हाइट बॅलन्स नंतर बदलता येतात, मात्र आयएसओ ज्या सर्किटवर चित्रण झाले त्याच्याच मर्यादेत. एकेक दृश्य कॅमेऱ्यातून पुसून टाकण्याची सोय दिलेली नाही, डिस्क पूर्णच फॉरमॅट करावी लागते. घाईत हे जाचते, पण रात्री तीन वाजता झोपाळलेल्या माणसाच्या हाती पुसण्याचे बटण नसणेच बरे.

ध्वनीसाठी एक मिनी एक्सएलआर आणि एक ३.५ मिलिमीटरची जोडणी आहे, मिनी एक्सएलआरवर फँटम पॉवर, म्हणजे माइकला लागणारी वीजही मिळते. पखवाज आणि झांज एकदम कडाडतात तेव्हा पातळी आधीच खाली ठेवावी लागते. गंभीर कामाला वेगळा रेकॉर्डर हवाच.

दिवसाच्या चित्रणात आणखी एक खर्च उभा राहतो. कॅमेऱ्यात अंगचे एनडी फिल्टर (प्रकाश कमी करणाऱ्या काळपट काचा) नाहीत, आणि बाहेरून लावायचे तर ते अवरक्त किरणही अडवणारे घ्यावे लागतात. नाहीतर भरउन्हात दाट एनडीमागे काळी वस्त्रे तपकिरी दिसू लागतात. उन्हात पडदाही फिका पडतो.

एवढे सगळे मांडल्यावर माझे मत असे की ज्यांच्याबरोबर फोकस सांभाळणारा आणि सामान पाहणारा असे निदान दोन सहकारी आहेत, ज्यांची दृश्ये आधी ठरलेली असतात, त्या लघुपटकारांना आजही या किमतीत यासारखे चित्र मिळणे कठीण आहे. दशावतार, लग्न, मोर्चा असे एकट्याने धावत टिपायचे काम ज्याचे असेल त्याने एफएक्स३० सारखा ऑटोफोकस आणि कंपनरोधक यंत्रणा असलेला कॅमेरा पाहावा. चित्राची जात थोडी वेगळी मिळेल, पण हातून निसटणारे क्षण कमी होतील. मी स्वतः पुढच्या हंगामात दशावतारासाठी हाच कॅमेरा पुन्हा भाड्याने घेईन, पण ट्रायपॉडवर मुख्य कॅमेरा म्हणून, आणि रंगपटातील धावपळीसाठी सोबत दुसरे काहीतरी ठेवीन.

जुना विकत घेणाऱ्यांनी यूएसबी-सी आणि एचडीएमआयच्या खाचा सैल झाल्या आहेत का, हे डिस्क आणि मॉनिटर लावून, वायर हलवून तपासावे. नव्या कॅमेऱ्याबरोबर दाविंची रिझॉल्व्ह स्टुडिओचा परवाना येत असे, ज्याची स्वतंत्र किंमत सुमारे ३०० डॉलर आहे आणि रात्रीच्या चित्रणातील दाणे कमी करण्याची साधने त्या स्टुडिओ आवृत्तीतच आहेत. हा परवाना एका वेळी दोनच संगणकांवर चालतो आणि मूळ मालक बहुधा तो स्वतःकडेच ठेवतो. तो मिळणार की नाही हे आधी विचारून घ्यावे, आणि मिळणार नसेल तर तेवढी रक्कम भावातून वजा करून मागावी.