एफ-४ची कटकट: सेकंडहँड मॅकबुक, आठ महिन्यांनंतर

पुण्याच्या भाच्याने नवा लॅपटॉप घेतला आणि जुना एम-१ मॅकबुक एअर मला ३२ हजारांना दिला. बॅटरी, स्क्रीन, वजन यावर लोकांनी भरपूर लिहिलंय, त्यात मी पडत नाही. मला कीबोर्डच्या वरच्या ओळीतल्या एका बटणाबद्दल, एफ-४बद्दल, बोलायचंय.

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्याचे हिशेब आणि कोटेशन मी बघतो. ऑफिसात विंडोज, घरी हा मॅक आणि गोडाऊनमध्ये एक जुनं मशीन. त्यावर विंडोजच्या जागी उबुंटू आणि एक्सेलच्या जागी लिबरऑफिस, कारण फुकट. तिन्हीकडे शीट सारखीच, बोटं मात्र वीस वर्षं विंडोजवर घासलेली.

कोटेशनच्या एक्सेल शीटमध्ये बी-१ ला सुताचा दर, बी-२ ला रंगाई, बी-३ ला पॅकिंग. खाली क्वालिटीनिहाय वजनं. वजन गुणिले बी-१ लिहायचं, एफ-४ मारायचं, बी-१ ला डॉलरची दोन चिन्हं लागतात ($B$1), म्हणजे फॉर्म्युला कुठेही नेला तरी दर जागेवर कुलूपबंद. मग फॉर्म्युला खाली ओढायचा. हे मी झोपेतही करतो. मॅकवर एफ-४ मारलं की स्क्रीनच्या मधोमध शोधायची पट्टी उघडते. एफ-२ मारून सेल दुरुस्त करायला जावं तर स्क्रीन लख्ख उजळते.

पहिल्याच आठवड्यात घाईत ती पट्टी बंद केली, एंटर मारलं, फॉर्म्युला ओढला आणि कोटेशन पाठवून दिलं. डॉलर लागलेच नव्हते. दुसऱ्या ओळीने सुताऐवजी रंगाईचा दर उचलला, तिसरीने पॅकिंगचा. अर्ध्या तासात व्यापाऱ्याचा फोन: "अण्णा, दुसऱ्या क्वालिटीला सूत फुकट देताय काय ओ?" हसत होता म्हणून वाचलो.

मला वाटलं बटणच गेलंय. दुरुस्तीच्या दुकानात नेला. त्याने कीबोर्डवर हवा मारली, ब्रश फिरवला आणि ३५० रुपये घेतले. घरी येऊन बघतो तर पुन्हा तीच पट्टी. भाच्याला फोन लावला तर म्हणतो, "मामा, बटण चांगलंय. एफएन धरून एफ-४ दाबा की." सूत्र लिहिताना कमांड आणि टी दाबलं तरी तेच होतं, हेही त्यानेच सांगितलं. ३५० रुपयांचं काय, यावर तो गप्प.

तेव्हा हा रिव्ह्यू लिहिला असता तर एकच स्टार दिला असता. त्यातली गंमत म्हणजे एक्सेल जन्मलं मॅकवरच, १९८५ साली. विंडोजवर आलं १९८७ ला. म्हणजे माहेरीच एफ-४ला कुणी ओळखत नाही!

दुसऱ्या महिन्यात मत थोडं बदललं. सेटिंग्जमध्ये कीबोर्ड, त्यात शॉर्टकट्स, त्यात फंक्शन कीज. तिथला एक खटका चालू केला की एफ-४ हे एफ-४च राहतं. आता उजेड कमीजास्त करायला एफएन धरावं लागतं, पण उजेड मी दिवसातून एकदा बदलतो आणि डॉलर शंभरदा लावतो. डब्याबरोबर हा खटका चालू करून का देत नाहीत, हे मला अजून कळलेलं नाही.

बाकीच्या खोड्या राहिल्याच. विंडोजच्या सवयीने शब्द बदलायला कमांड-एच दाबलं आणि अख्खं एक्सेल नाहीसं झालं. फाइल गेली म्हणून घाम फुटला. मॅकमध्ये त्याचा अर्थ खिडकी लपव, बदलायला कंट्रोल-एच. आणि आपल्या मराठीवाल्यांचा खास त्रास: अख्खा कॉलम धरायला कंट्रोल-स्पेस दाबलं की मॅक भाषाच बदलतो. कॉलम तसाच, आणि मग बेरजेचं 'सम' (SUM) टाइप करायला गेलो तर इन्स्क्रिप्ट या मराठी कीबोर्डमध्ये एक लोंबकळती मात्रा, ह आणि स. तो शॉर्टकट मी सेटिंग्जमधून काढून टाकला.

कंट्रोल आणि कमांडची अदलाबदलही करून पाहिली, सेटिंगमध्ये तशी सोय आहे. कॉपी-पेस्ट सुधारलं, पण तारीख टाकायचं कंट्रोल-अर्धविराम उलट्या बटणावर गेलं. दोन दिवसांत पूर्ववत.

आमच्या ऑफिसातले जुने मुनीमजी या सगळ्याला हसतात. ते अजून शिफ्ट-इन्सर्टने पेस्ट करतात. आयबीएमने १९८७ च्या आसपास ठरवलेली ती पद्धत, विंडोजमध्ये आजही चालते. मॅक त्यांच्यापुढे ठेवला तर म्हणाले, "इन्सर्ट कुठाय?" नाहीच. त्यांनी शांतपणे लॅपटॉप मिटून परत दिला.

गोडाऊनच्या फुकट्या लिबरऑफिसकडून मला काहीच आशा नव्हती. तिथे एफ-४ पहिल्या दिवसापासून चालतं! पण पत्ता लिहिताना फसलो. एक्सेलमध्ये सेलच्या आत नवी ओळ ऑल्ट-एंटरने, तिथे कंट्रोल-एंटरने. सवयीने ऑल्ट-एंटर मारलं, सेल पक्का झाला, पुढची ओळ टाइप केली तर पार्टीचं नाव पुसून त्याजागी 'अशोक चौक' राहिलं. पोरगा लेबल चिकटवायला निघाला होता, त्याने विचारलं, "साहेब, अशोक चौकात कुणाला द्यायचं?"

तरी तिथे टूल्समध्ये जाऊन बहुतेक बटणं आपल्या मनाप्रमाणे बदलता येतात. विंडोजच्या एक्सेलमध्ये एवढी मोकळीक नाही. फुकटच्या मशीनला चार स्टार, बत्तीस हजारांच्याला साडेतीन. खटका सापडला नसता तर एकच.

३५० रुपये अजून डोक्यात आहेत. चार्जरची वायर टोकाला सुटायला लागलीय, ती घेऊन त्याच दुकानात जाणार आहे. तेवढे कमी करूनच घेईन.