निळा रंग केळीच्या पानाला लागला

घरातली जुनी चिनी मातीची वस्तू फुटली असेल आणि ती सांधून घ्यायचा विचार असेल, तर तुकडे कुणाच्या हातात देण्याआधी हे वाचा. मी नीट चौकशी न करता, फोटो न काढता दिले. ज्याला दिले त्याचं नाव लिहीत नाही, कारण त्याने सांगितलेलं नाव तरी खरं होतं की नाही हे मला माहीत नाही.

आमचं घर वेंगुर्ल्याचं. आजेसासरे तरुणपणी रंगूनला होते. परत येताना आगबोटीने त्यांनी दोन खोकी आणली आणि त्यात भाताच्या तुसात पुरलेली चिनी भांडी होती, असं घरात सांगतात. माझं लग्न झालं तेव्हा त्यातली दोनच उरली होती. एक सोळा इंची निळी-पांढरी थाळी, जिच्यात गणपतीला मोदक मांडायचे. आणि एक लहान वाटी. ही वाटी कधीतरी फुटून जोडलेली होती. बाहेरच्या अंगाला पितळेचे पाच टाके, वहीच्या पिनांसारखे दिसणारे, आणि आत पाहिलं तर केसाएवढी एक रेघ. सासूबाई तिला ‘टाक्याची वाटी’ म्हणायच्या. नवीन सून म्हणून मी एकदा ती बाजूला काढली तेव्हा त्या म्हणाल्या, “फुटला म्हणान टाकूक नको गो.” त्या शब्दांचा अर्थ मला फार उशिरा कळला.

मागच्या मे महिन्यात माळा साफ करताना थाळी मुलाच्या घामट हातातून निसटली. अकरा तुकडे झाले आणि चिमटीत मावेल एवढा चुरा. तुकडे मी जुन्या लुगड्यावर मांडून मोजले, म्हणून आकडा पक्का लक्षात आहे. फोटो मात्र काढला नाही. ही माझी पहिली चूक, आणि सगळ्यात महाग पडलेली.

जाऊबाईंच्या मुलाने कुणाकडून तरी एक नंबर मिळवून पाठवला. माणूस चार दिवसांत घरी आला. पांढरे हातमोजे, ब्रशांची चामडी पिशवी, मोबाईलमध्ये आधी-नंतरचे फोटो. बोलणं अतिशय अदबीचं. तुकडा उजेडाकडे धरून म्हणाला, “काकी, ही साधी थाळी नव्हे. तुमच्या वेंगुर्ल्यात डचांची वखार होती ना, हा त्या काळचा माल आहे. लाखांत जाईल.” आता वेंगुर्ल्यात सतराव्या शतकात डचांची वखार होती हे खरंच आहे, तिचे अवशेष आम्ही येता-जाता पाहतो. चौलला, कोकणातल्या जुन्या बंदरात, उत्खननात चिनी पोर्सेलीनचे तुकडे सापडले, हेही त्याने सांगितलं आणि तेही खरं. पण यातून माझी थाळी डचांची ठरत नाही. ती रंगूनहून आली हे मला ठाऊक होतं, तरी मी गप्प राहिले, कारण ऐकायला बरं वाटत होतं. थाळी लाखांची ठरली की दुरुस्तीचे चोवीस हजार मोठे वाटेनासे होतात. बारा हजार मी तिथल्या तिथे मोबाईलवरून दिले.

मी विचारलं, जोडणार कसं? म्हणाला, “तुकडे बसवून परत भट्टीत घालायचे. काच वितळते, थाळी पुन्हा अखंड.” मला ते पटलं. भांडं भट्टीतूनच येतं, तर भट्टीतच सांधलं जाईल असं वाटलं. आता कळतं की त्याच क्षणी त्याला दार दाखवायला हवं होतं. पोर्सेलीन तेराशे अंशांच्या आसपास भाजलेलं असतं. फुटलेली जुनी वस्तू सांधणारा कुणीही जाणकार तिला पुन्हा त्या आचेत घालत नाही. तुकडे वाकतात, तडकतात, भेगेत शिरलेला मळ आत कायमचा भाजला जातो. हे काम थंड असतं. सांधायचं चिकट द्रव्य, हात आणि संयम, एवढ्यावर चालतं.

निघताना त्याची नजर फडताळातल्या वाटीवर गेली. हातात घेऊन उलटी केली, टाक्यांवरून अंगठा फिरवला आणि म्हणाला, “ही तर गेलेलीच आहे काकी. असे खिळे मारल्यावर काही किंमत राहत नाही. मला सरावाला द्या, तीनशे देतो.” मी दिली. तीनशे रुपये घेतले.

चतुर्थीच्या तीन दिवस आधी थाळी आली. इतकी चकचकीत की भेग शोधून सापडेना. मी उरलेले बारा हजार दिले. कागद मागितला तर म्हणाला पावती-पुस्तक संपलंय, पाठवतो. थाळीवर टिचकी मारली तर आवाज बद्द आला. पूर्वी ती थाळी घंटेसारखी वाजायची. “पावसाळी हवा आहे काकी, सुकली की वाजेल,” असं तो म्हणाला. हवेचा याच्याशी काहीही संबंध नाही. तडा गेलेलं किंवा चिकटवलेलं भांडं अखंड भांड्यासारखं वाजत नाही, उत्तम कारागिराने जोडलं तरी नाही. चांगला कारागीर हे आधीच सांगतो.

गणपतीच्या दिवशी सुनेने थाळीत केळीचं पान घातलं आणि चाळणीतून काढलेले गरम मोदक त्यावर मांडले. नैवेद्य झाला, आरती झाली, मोदक वाढले. पान उचललं तर ते थाळीला चिकटलेलं. ओढून काढलं आणि पानाच्या खालच्या अंगाला निळा रंग लागून आला. थाळीवर तिथे पिवळट-पांढरा लगदा उघडा पडला होता. घर पाहुण्यांनी भरलेलं. मी थाळी पदराखाली धरून आत नेली.

ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी लिहिते. या निळ्या-पांढऱ्या भांड्यांवरची नक्षी कोबाल्टची असते. ती कच्च्या मातीवर काढतात, वरून चकाकीचा, काचेसारखा थर देतात आणि मग भाजतात. म्हणजे निळा रंग काचेच्या खाली असतो. शंभर वर्षं घासलं तरी तो हाताला लागत नाही. माझ्या पानाला जो लागला तो बाजारातला रंग होता.

ओळखीतून मुंबईच्या एका ताईंपर्यंत पोचले. मूळच्या देवगडच्या, शिक्षण आणि अनुभव संग्रहालयातल्या वस्तूंच्या जतनाचा. त्यांनी सगळ्यात आधी खोलीतला दिवा बंद करून नोटा तपासायच्या जांभळ्या बॅटरीचा उजेड थाळीवर टाकला. अर्धीअधिक थाळी एका रंगात चमकायला लागली आणि उरलेली तशीच मंद राहिली. “हे चमकतंय ते सगळं रंगवलेलं आहे काकू,” त्या म्हणाल्या. मग कापसाचा बोळा अ‍ॅसिटोन नावाच्या द्रावकात बुडवून त्या एका जागी हलकेच गोल गोल फिरवत राहिल्या. बोळा निळा झाला. आणि त्याखालून आमच्या थाळीचं मूळ फूल वर आलं, पाकळीच्या टोकाला शाई जराशी फुटलेली, जशी मी वर्षानुवर्षं पाहत आले होते तशी. त्या माणसाने जोड झाकण्यासाठी भेगेवर रंग दिला असता तर एक वेळ समजलं असतं. त्याने न फुटलेली, धडधाकट नक्षीसुद्धा वरून रंगवून टाकली होती, म्हणजे कुठून कुठवर दुरुस्ती आहे ते दिसूच नये.

पण रंग निघतो. जे निघत नाही ते पुढे दिसलं. तुकड्यांच्या कडा तासलेल्या होत्या.

ताईंनी मला याचं कारण समजावलं. फुटलेलं पोर्सेलीन जोडताना आधी काहीही न लावता सगळे तुकडे चिकटपट्टीवर मांडून पाहतात, कुठला आधी आणि कुठला नंतर बसेल ते ठरवतात. क्रम चुकला तर शेवटचा तुकडा आत जातच नाही, कारण दोन्ही बाजूंनी वाट बंद झालेली असते. पहिला जोड केसभर सरकला तरी ती चूक पुढच्या प्रत्येक जोडात वाढत जाते. असं झालं तर प्रामाणिक माणूस सगळं सोडवून पुन्हा सुरुवात करतो. याने मशीन फिरवून कडाच घासल्या आणि तुकडे कोंबले. फुटलेली कड म्हणजे त्या तुकड्याची सही असते. तिला तिची जोडीदार कडच ओळखते. ती घासली की जगातल्या कुठल्याही हाताला ती परत देता येत नाही.

तळाजवळ एक मोठा भाग प्लास्टरचा निघाला. सोडवलेले तुकडे आम्ही मोजले. दहा. अकरावा कुठे गेला ते आजही मला माहीत नाही. मशीनखाली फुटला असेल, हरवला असेल. मी अकरा दिले होते हे सिद्ध करायला माझ्याकडे फक्त माझा शब्द.

जोड त्याने घरगुती अराल्डाइटने केले होते. हे वाईट एवढ्यासाठी की ते पिवळं पडतं आणि सहज सुटत नाही. ताईंनी थाळी गरम पाण्याने आणि द्रावकाने मऊ करत करत तीन आठवडे सोडवली. जतन करणारे लोक शक्य तिथे पॅरालॉइड बी-७२ नावाचं अ‍ॅक्रिलिक वापरतात. ते अ‍ॅसिटोनमध्ये विरघळतं, म्हणजे उद्या कुणाला आणखी चांगलं काम करायचं असेल तर त्याला वाट मोकळी राहते. भार जास्त असेल तिथे इपॉक्सीही (अराल्डाइटच्याच जातीचं द्रव्य) वापरावं लागतं, पण ते तुमच्याशी बोलून. म्हणून कारागिराला विचारा, “हे उद्या सोडवायचं झालं तर सुटेल का?” जो तुम्हाला द्रव्याचं नाव सांगेल, लेखी देईल, काम चालू असतानाचे फोटो पाठवेल, त्याच्याशी पुढचं बोला. “आमचं गुपित आहे” म्हणणाऱ्याकडून तुकडे परत घ्या. जोडलेल्या थाळीत पुन्हा गरम अन्न वाढू नये, हेही तोच सांगेल. मला याने “बिनधास्त वापरा” म्हणून सांगितलं होतं.

हल्ली सोनेरी भेगांची जपानी पद्धतही पुष्कळ लोक करून देतात. खऱ्या किन्त्सुगीत झाडाचं लाख-रोगण असतं, ते दमट हवेत हळूहळू वाळतं, एका भांड्याला आठवडे लागतात. दोन दिवसांत सोनेरी भेग भरून मिळाली तर ती इपॉक्सी आणि चमकीची पूड आहे असं धरून चाला. ते मान्य असेल तर जरूर करा, पण पैसे त्याच हिशोबाने द्या.

आणखी एक. हा माणूस जाता जाता “परदेशात गिऱ्हाईक आहे, गुपचूप पोचवतो” असंही म्हणाला होता. १९७२ च्या पुरावशेष कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनी अशी वस्तू खाजगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाही. तुमच्या वस्तूवर असं गिऱ्हाईक आणणारा तुम्हालाही अडकवतो.

फोन अर्थातच बंद. कार्डावरच्या पत्त्यावर मुलगा कणकवलीला जाऊन आला, तिथे चपलांचं दुकान. पोलिसांत अर्ज दिला. ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी लागत नाही, हे वकिलांनी सांगितलं. पण नोटीस कुणाच्या नावे, कुठल्या पत्त्यावर काढायची? पैसे ज्या खात्यात गेले तेवढाच धागा हातात आहे आणि तो मी सोडलेला नाही.

थाळी आता घरी आहे. दहा तुकडे उभे आहेत, तासलेल्या जागी फट दिसते, अकराव्याच्या जागी ताईंनी साधा पांढरा भराव केला आणि त्यावर नक्षी काढायला मीच नको म्हटलं.

वाटीचं मी ताईंना सगळ्यात शेवटी सांगितलं. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, ते टाके घालायला हिऱ्याच्या टोकाने हातानेच भोकं पाडायची, तीही आरपार नाहीत, भांड्याच्या जाडीच्या अर्ध्यावर थांबायचं. एक चुकलं की भांडं गेलं. टाका ताणून बसवायचा म्हणजे तो दोन्ही कडांना धरून ठेवतो. चिकट द्रव्याचा टिपूस नाही. मला आठवलं, आम्ही त्या वाटीत पाणी ठेवायचो. थेंब गळायचा नाही.

तिचाही फोटो नाही माझ्याकडे. साधारण ओंजळीएवढी वाटी, बाहेरून पाच पितळी टाके, त्यातला मधला थोडा तिरका. आत तळाशी निळ्या रंगात एक मासा, शेपटी उजवीकडे. तळाच्या कडेला भट्टीतली वाळू चिकटलेली, बोटाला खरखरीत लागते. सावंतवाडी, मालवण, पणजी, कुठल्याही दुकानात किंवा कुणाच्या घरात ती दिसली तर तिचा फोटो तेवढा काढून ठेवा, आणि ती वेंगुर्ल्याची आहे असं त्यांना सांगा.